गिटला मराठी दिसावी म्हणून

पुस्तकांचा मजकूर आम्ही गिटमध्ये ठेवतो. पुण्यातल्या आमच्या छोट्या ई-पुस्तक विभागाचं रोजचं काम असं: जुन्या डीटीपी फाइलींतला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, त्याचं मुद्रितशोधन करायचं आणि त्या साध्या टेक्स्ट फाइलींवरून वाचकाच्या फोनवर नीट उघडेल असं पुस्तक बांधायचं. एका पुस्तकावर अनेकांचे हात फिरतात. मुद्रितशोधक वेलांट्या आणि अनुस्वार दुरुस्त करतात, संपादक परिच्छेद मागेपुढे करतात, लेखक ऐनवेळी एखादं वाक्य बदलून पाठवतात. पुढची आवृत्ती निघते तेव्हा प्रश्न येतो: हा शब्द मुळात असाच होता की कुणी बदलला? बदलला तर कशाच्या आधारावर? १९६२ च्या लेखननियमांआधीचं पुस्तक असेल तर हे पानोपानी विचारावं लागतं. जुना अनुस्वार कुठे मुद्दाम ठेवला आणि कुठे नजरेतून सुटला, हे नुसतं पान पाहून कळत नाही. याचं उत्तर देणारं, फुकट मिळणारं आणि आपल्याच हातात राहणारं साधन म्हणून आम्ही गिट घेतलं.

नव्या माणसाच्या लॅपटॉपवर गिट बसवायचं काम माझ्याकडे आहे. बसवण्यात सांगण्यासारखं फारसं नाही. खरं काम त्यानंतरचं, कॉन्फिगचं. टर्मिनलमध्ये एकेक ओळ टाइप करून गिटला सांगावं लागतं की काम कुणाचं आहे, मजकूर कुठल्या लिपीतला आहे, ओळ कुठे संपते, बदल कसा दाखवायचा. हे मी माणसाच्या शेजारी बसून करते आणि प्रत्येक ओळीचं कारण सांगते. तयार फाइल चिकटवून दिली तर काम झटकन होतं, पण पुढे काही अडलं की त्या माणसाला आपल्याच मशीनवर काय लिहिलंय ते ठाऊक नसतं.

गिट कुणासाठी जन्मलं हे इथे लक्षात घ्यायला हवं. लिनक्स कर्नलचे लोक त्याआधी बिटकीपर वापरायचे. त्याची फुकट वापरण्याची सवलत २००५ मध्ये संपली आणि त्याच एप्रिलात लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं. जुलैपासून त्याची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे आली. कर्नल म्हणजे सी भाषेतला कोड, रोमन अक्षरांतली फाइलींची नावं, छोट्या छोट्या ओळी आणि ई-मेलने पॅच पाठवणारे लोक. त्या कामाला जे सोयीचं ते गिटचं डिफॉल्ट झालं. यात कुणाचा आकस नाही. पण डिफॉल्ट म्हणजे कुणीतरी कधीतरी आपल्या कामापुरता घेतलेला निर्णय असतो, आणि मराठी कादंबरीचा परिच्छेद त्या वेळी त्यांच्यासमोर नव्हता. तो निर्णय आपल्या कामाच्या बाजूने पुन्हा घ्यायची मुभा गिट देतं. ती मुभा म्हणजे कॉन्फिग, आणि ती वापरणं हा मी मुद्रितशोधनाइतकाच पुस्तकाच्या कामाचा भाग मानते.

गिट सुरुवातीलाच नाव आणि ई-मेल मागतं: युजर डॉट नेम आणि युजर डॉट ईमेल. आमच्या ज्येष्ठ मुद्रितशोधक बाई पहिल्यांदा गिट शिकायला बसल्या तेव्हा इथेच थांबल्या.

“नाव मराठीत लिहिलं तर चालेल का गं?”

“चालेल की, बाई. तुम्ही पुस्तकात जसं छापता तसंच लिहा.”

त्यांनी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावला आणि पूर्ण नाव देवनागरीत टाइप केलं. आजवर कित्येक पुस्तकांच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव आलेलंच नाही. मराठी प्रकाशनात मुद्रितशोधकाचं नाव छापायची पद्धत सगळीकडे नाही. गिट मात्र प्रत्येक कमिटबरोबर नाव, ई-मेल आणि वेळ नोंदवून ठेवतं, आणि ही नोंद कमिटच्या हॅशमध्येच मुरलेली असते. नंतर नाव बदलायचं तर तो हॅश बदलतो, त्याच्यापुढचे सगळे हॅश बदलतात, म्हणजे साराच इतिहास नव्याने लिहावा लागतो. म्हणून मी ही ओळ घाईने टाइप करू देत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर कधी आधीच्या माणसाचं नाव राहिलेलं असतं, कधी नावाच्या जागी नुसतं ‘युजर’ असतं. असं नाव इतिहासात गेलं की त्या कष्टांचा धनी कोण ते कुणालाच सांगता येत नाही.

एकाच मशीनवर घरचं आणि ऑफिसचं काम करणाऱ्यांसाठी गिटमध्ये इन्क्लूड-इफ नावाची सोय २०१७ पासून आहे. अमुक फोल्डरमध्ये असताना अमुक कॉन्फिग फाइल वाच, असं सांगता येतं. आमच्यातला एक मुलगा घरी रात्री मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत हातभार लावतो. त्याची दोन्ही नावं आता आपापल्या जागी राहतात.

सेटिंग कुठे लिहिली आहे यालाही महत्त्व आहे. एक फाइल अख्ख्या मशीनची, एक त्या वापरकर्त्याची, एक त्या रेपोची. गिट या क्रमाने वाचत जातं आणि नंतर वाचलेलं आधीच्यावर मात करतं. “मी तर बदललं होतं, मग होत का नाही?” असं कुणी विचारलं की मी कॉन्फिगच्या लिस्ट कमांडला शो-ओरिजिन जोडून चालवायला सांगते. प्रत्येक सेटिंगसमोर ती कुठल्या फाइलीतून आली त्याचा पत्ता येतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखी ती यादी आहे: कुठल्या तुकड्यावर कुणाचं नाव लागलंय ते एका नजरेत दिसतं. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं. माणसाने ग्लोबल बदललेलं असतं आणि रेपोच्या फाइलीत जुनं तसंच बसलेलं असतं.

आता मराठीकडे येते.

प्रकरणांच्या फाइलींना आम्ही मराठी नावं देतो. ‘कथा’, ‘प्रस्तावना’, ‘परिशिष्ट’. रोमन अक्षरांत नावं द्यावीत असा आग्रह सुरुवातीला झाला होता. मी तो मानला नाही. मुद्रितशोधकांना दिवसभर ज्या फाइली उघडायच्या आहेत त्यांची नावं त्यांना सहज वाचता आली पाहिजेत. पण नव्या गिटमध्ये अशी फाइल ठेवून ‘गिट स्टेटस’ म्हटलं की पडद्यावर ‘कथा’ दिसत नाही. दिसतं ते असं: \३४०\२४४\२२५\३४०\२४४\२४५\३४०\२४४\२७६. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, फाइल खराब झाली. एका शिकाऊ मुलीने भीतीने ती फाइल पुसून नव्याने टाइप करायला घेतली होती.

फाइल धडधाकट असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘कथा’मध्ये चिन्हं तीन: क, थ आणि काना. म्हणजे नऊ बाइट, म्हणून नऊ आकडे. ३४०-२४४-२२५ हा क, ३४०-२४४-२४५ हा थ, ३४०-२४४-२७६ हा काना. आकडे अष्टमान पद्धतीतले आहेत. देवनागरीचं कुठलंही चिन्ह घ्या, पहिला आकडा ३४०, दुसरा २४४ नाहीतर २४५. गिट फाइलीच्या नावाकडे भाषा म्हणून पाहतच नाही, ते त्याला बाइटांची माळ मानतं. जुन्या आस्की तक्त्याबाहेरचा बाइट दिसला की टर्मिनलवर काहीबाही उमटू नये म्हणून तो अशा आकड्यांत लिहून दाखवतं. त्या काळच्या टर्मिनलांचा विचार केला तर ही काळजी रास्त होती.

ही वागणूक ज्या सेटिंगने ठरते ती कोअर डॉट कोटपाथ. तिला फॉल्स म्हटलं की नाव जसंच्या तसं दिसतं. एका ओळीचं काम. पण आमच्या विभागात या ओळीने जेवढा फरक पडला तेवढा कशानेच पडला नाही. बाईंनी ती लावून पुन्हा स्टेटस बघितलं, तर बदललेल्या फाइलींची यादी सरळ मराठीत: प्रस्तावना, प्रकरण तिसरं, परिशिष्ट. त्या दिवसापासून त्या टर्मिनल आपणहून उघडू लागल्या. नव्या लॅपटॉपवर नावानंतर लगेच मी हीच ओळ लिहून घेते, आधी आकडे दाखवून आणि मग फरक दाखवून.

टर्मिनलमध्ये देवनागरी नेहमी सुबक दिसेलच असं नाही, हेही आधीच सांगून ठेवावं लागतं. टर्मिनल प्रत्येक चिन्हाला सारख्या रुंदीचं घर देतो. आपली लिपी तशी चालत नाही. पहिली वेलांटी व्यंजनाआधी यायला हवी ती काही टर्मिनलांत मागे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटून हलन्त दिसतात. मजकूर शाबूत असतो, तो काढून दाखवण्यात उणेपणा असतो. दोन-तीन टर्मिनल पाहून ज्यात अक्षर वाचता येईल तो घ्यावा आणि मोठा फॉन्ट लावावा. कमांड लाइनला भाषेचं वावडं नाही, पण तिच्या पडद्याला अजून आपली लिपी पुरती जमलेली नाही.

बदल दाखवायच्या रीतीतही असंच. कोडमधली ओळ छोटी असते, म्हणून गिट ओळीला ओळ ताडून बघतं. आमच्याकडे एक परिच्छेद म्हणजे एक ओळ. ‘पाणि’चं ‘पाणी’ केलं की अख्खा परिच्छेद आधी तांबडा आणि मग हिरवा होऊन समोर येतो, आणि त्यातली एक वेलांटी डोळ्यांत तेल घालून शोधावी लागते. शब्दावारी तुलना करणारा पर्याय गिटमध्ये आहे: तो फक्त बदललेला शब्द रंगवतो. त्याचा मी ‘शब्द’ नावाचा ॲलियस करून दिला. ॲलियसच्या नावात आमच्याकडच्या गिटला देवनागरी चालत नव्हती, म्हणून ते रोमन अक्षरांत लिहावं लागलं. आणखी बारीक, एकेका चिन्हाची तुलनाही करता येते. ती आपल्याला उपयोगाची नाही, कारण काने-मात्रे व्यंजनापासून तुटून सुटे पडतात. मराठी वाचणाऱ्याची नजर शब्दावर ठरते, तिथेच थांबावं.

ओळींच्या शेवटाचा घोळ सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. टेलिप्रिंटरच्या काळी ओळ संपली की छापणारा भाग डावीकडे परत न्यायचा एक संकेत होता आणि कागद वर सरकवायचा दुसरा. विंडोजने दोन्ही ठेवले, युनिक्सच्या घराण्याने एकच. त्यामुळे एका मशीनवर जतन केलेली फाइल दुसऱ्या मशीनवर पूर्णच बदललेली दिसू शकते, आत एक अनुस्वार हललेला असला तरी. विंडोजवर गिट बसवताना इन्स्टॉलर याबद्दल विचारतो. तिथे प्रत्येक जण आपल्या मनाने उत्तर देतो. म्हणून मी माणसांच्या उत्तरांवर विसंबत नाही. रेपोत गिट-ॲट्रिब्यूट्स नावाची फाइल ठेवते आणि तिच्यात टेक्स्ट फाइलींच्या ओळी कशा संपाव्यात ते लिहून टाकते. ही फाइल रेपोबरोबर सगळीकडे जाते आणि व्यक्तिगत सेटिंगवर भारी ठरते.

एडिटरबद्दल मात्र सांगायलाच हवं. कमिटचा संदेश लिहायला गिट बहुधा व्हिम उघडतं. व्हिममधून बाहेर पडण्याच्या कळा सगळ्यांनाच शिकाव्या लागतात. पण मराठी टाइप करणाऱ्याची अडचण वेगळी आहे. संदेश मराठीत लिहून झाला की कीबोर्ड मराठीवरच असतो. एस्केप दाबून बाहेर पडायची कळ दाबली तर तिथून रोमन अक्षर जातच नाही, देवनागरी अक्षर जातं, आणि व्हिमला त्याचा अर्थ कळत नाही. माणूस तीच कळ पुन्हा पुन्हा दाबत राहतो. बाई एकदा अशा अडकल्या आणि खिडकीच बंद करून मोकळ्या झाल्या, संदेश गेला. कोअर डॉट एडिटर बदलून मी त्यांना नोटपॅड लावून दिलं. काही तरुण मंडळी व्हीएस कोड वापरतात. त्यांच्या ओळीत ‘वेट’ हा पर्याय जोडावा लागतो, नाहीतर गिट एडिटर बंद व्हायची वाट बघत नाही आणि संदेश रिकामा समजून कमिट रद्द करतं.

एडिटर मनासारखा मिळाल्यावर संदेश भरभरून येऊ लागले. मग कमिट डॉट टेम्प्लेट ही सेटिंग लावून संदेशाचा मराठी साचा दिला. साच्यात तीन प्रश्न आहेत: काय बदललं, का बदललं, कुणाच्या सांगण्यावरून. ‘दुरुस्ती’ एवढंच लिहिणं त्यामुळे बंद झालं. आता संदेशात वाचायला मिळतं: ‘लेखिकेच्या फोनवरून, बोलीतला शब्द आहे, प्रमाण करू नये.’ दुसऱ्या आवृत्तीच्या संपादकाला हे वाक्य लाखमोलाचं आहे.

किल्लीचं काम एकदाच करायचं असतं. सर्व्हरशी बोलायला एसएसएच किल्ली बनवायची, तिला पासफ्रेज द्यायची, खाजगी किल्लीची फाइल आपल्याशिवाय कुणाला वाचता येऊ नये इतकी तिची परवानगी आवळायची. परवानगी सैल असेल तर एसएसएच ती किल्ली वापरायलाच नकार देतं. गिटहबने तर १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटसाठी पासवर्ड घेणं थांबवलं आहे.

यापुढचं प्रकरण मला सगळ्यात जवळचं आहे.

एका पुस्तकात बाईंनी ‘दुसऱ्या’ हा शब्द गिटच्या ग्रेप कमांडने शोधला. काही ठिकाणी सापडला. पण जी ओळ समोर उघडी होती, जिच्यात तो शब्द डोळ्यांना दिसत होता, ती यादीत नव्हती. त्याच आठवड्यात डिफमध्ये एक तांबडी ओळ आणि तिच्याखाली एक हिरवी ओळ आली, दोन्ही अक्षरशः सारख्या. बाईंनी पाच-सहा वेळा वाचून काढल्या. चाळीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या नजरेला फरक सापडेना, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या.

“मला काही दिसत नाहीये, पण हा म्हणतोय बदल आहे.”

गिट खरं बोलत होतं. फरक अर्ध्या ‘र’मध्ये होता. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘ताऱ्यांचा’ यांतला तो चंद्रकोरीसारखा र मराठीची खास खूण आहे. त्यावाचून ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत भेद राहत नाही, ‘आचाऱ्यांना’ बोलावलं की ‘आचार्यांना’ ते कळत नाही. युनिकोडमध्ये हा र तीन वाटांनी लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि पुढे हलन्त. दोन, साधा र, खाली नुक्ता आणि मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे रुंदी नसलेला, डोळ्यांना न दिसणारा जोडक. चांगला फॉन्ट तिन्हींचं रूप एकच काढतो. बाइट मात्र तिन्हींचे वेगळे. आमच्या मजकुरात तिन्ही प्रकार होते: जुन्या फॉन्टमधून रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने एक आणला, फोनवर टाइप केलेल्या दुरुस्त्यांनी दुसरा, ऑफिसच्या कीबोर्डने तिसरा.

युनिकोडच्या प्रमाण रूपात आणलं की पहिले दोन एक होतात, कारण ते समतुल्य ठरवलेले आहेत. तिसरा आपोआप होत नाही. तसंच ‘ॲ’चं. त्याला २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधी आणि नंतरही ‘अ’वर चंद्र ठेवून तो लिहिला जातो, आणि प्रमाण रूपाच्या नियमाने हे दोन एकत्र येत नाहीत. म्हणजे ‘ॲ’ने सुरू होणारा प्रत्येक शब्द शोधताना दोनदा शोधायचा.

मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती आधी मजकूर प्रमाण रूपात आणते, मग अदृश्य जोडक असलेला अर्धा र स्वतंत्र ऱ-मध्ये बदलते, मग ‘ॲ’ एकसारखा करते. साध्या रफाराला ती हात लावत नाही. ‘आचार्य’, ‘सूर्य’, ‘दर्या’ जसेच्या तसे राहतात. हे तपासायला बाईंनी स्वतः अशा जोड्यांची यादी करून दिली आणि स्क्रिप्ट बदलली की ती यादी आधी चालवायची असा दंडक घातला. भाषेची जाण त्यांची, कोड माझा. दोन्हींपैकी एक नसतं तर हे काम धोक्याचं होतं.

स्क्रिप्ट प्री-कमिट हुकमध्ये घातली की प्रत्येक कमिटच्या आधी ती आपोआप चालते. पण हुक क्लोनबरोबर येत नाहीत. रेपोची नक्कल घेतली की फाइली येतात, इतिहास येतो, हुक आणि कॉन्फिग येत नाहीत. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. हुक म्हणजे प्रोग्रामच, आणि कॉन्फिगमध्येही एडिटर म्हणून, पेजर म्हणून, ॲलियस म्हणून कुठलीही कमांड लिहिता येते. परक्याच्या रेपोबरोबर ती आपल्या मशीनवर येऊन चालू लागली तर क्लोन करणंही जोखमीचं होईल. हा निर्णय मला पूर्ण पटतो, जरी त्याने माझं काम वाढलं तरी.

म्हणून आम्ही असं केलं. रेपोच्या मुळाशी सगळ्यांसाठी एक कॉन्फिग फाइल ठेवली. कोटपाथ, ‘शब्द’ ॲलियस, संदेशाचा साचा आणि हुक कुठल्या फोल्डरात आहेत ते सांगणारी कोअर डॉट हुक्सपाथ ही सेटिंग, सगळं तिच्यात. प्रत्येक ओळीच्या वर मराठीत टीप: ही ओळ कशासाठी, काढली तर काय होईल. नवा माणूस क्लोन करतो, ती फाइल वाचतो आणि मग एकच कमांड चालवून इन्क्लूड डॉट पाथने ती आपल्या रेपोच्या कॉन्फिगला जोडतो. इथे एक खाच आहे. हा पथ रेपोच्या मुळापासून मोजला जात नाही, ज्या फाइलीत तो लिहिला आहे तिच्यापासून मोजला जातो. ती फाइल डॉट-गिट या फोल्डरच्या आत असते. म्हणून पथाच्या सुरुवातीला दोन टिंबं आणि तिरकी रेघ देऊन एक पायरी बाहेर यावं लागतं. ती दिली नाही तर गिट तक्रार करत नाही, फाइल मिळाली नाही की गुपचूप पुढे जातं. जोडल्यावर शो-ओरिजिन चालवून खात्री करायची ती यासाठी.

जोडणी माणसाने स्वतः, वाचून करायची, ही अट मी सोडलेली नाही. एकदा जोडली की त्या फाइलीत पुढे पडणारी प्रत्येक ओळ सगळ्यांच्या मशीनवर लागू होते. तिच्यातला बदल दोघांनी पाहिल्याशिवाय घ्यायचा नाही, हा नियम आम्ही पुस्तकाच्या मजकुराइतक्याच कडकपणे पाळतो.

नवीन मजकुराचं असं मार्गी लागलं. जुन्या पुस्तकांवर स्क्रिप्ट एकदम चालवायची होती. तिथे मला बाईंच्या नावाची काळजी लागली. एका फटक्यात हजारो ओळी बदलणार, आणि त्यानंतर ‘गिट ब्लेम’ विचारलं की प्रत्येक ओळीपुढे माझं नाव येणार. वर्षानुवर्षं ज्यांनी एकेक शब्द तपासला त्यांची नावं एका यांत्रिक बदलाखाली गाडली जाणार. मुद्रितशोधकाचं नाव पुस्तकात नाही, निदान इथे तरी राहावं.

गिटने यावर २०१९ मध्ये उपाय आणला आहे. ज्या कमिटांकडे ब्लेमने दुर्लक्ष करावं त्यांचे हॅश एका फाइलीत लिहायचे आणि ब्लेम डॉट इग्नोअर-रेव्ह्ज-फाइल या सेटिंगमध्ये त्या फाइलीचं नाव द्यायचं. ब्लेम मग त्या कमिटांच्या पलीकडे बघतं आणि ओळ त्याआधी कुणी घडवली त्याचं नाव सांगतं. स्क्रिप्ट चालवण्याचं कमिट मी वेगळं केलं, त्यात दुसरा एकही बदल मिसळू दिला नाही. त्याचा हॅश फाइलीत लिहिला, वर टीप दिली आणि सेटिंग लावली. मग बाईंना बोलावून एका जुन्या कादंबरीवर ब्लेम चालवलं. ज्या ओळीत ‘दुसऱ्या’ होता तिच्यापुढे त्यांचं नाव होतं, त्यांनी स्वतः टाइप केलेलं, देवनागरीत. त्यांनी पान खाली सरकवत आपण केव्हा काय बदललं ते पाहिलं. एका ठिकाणी थांबून म्हणाल्या, “इथला अनुस्वार मी मुद्दाम ठेवला होता, संदेशात कारण लिहिलंय बघ.” लिहिलेलं होतं.

ही सेटिंग लावणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. ती ग्लोबल फाइलीत टाकू नये, त्या त्या रेपोच्या कॉन्फिगमध्येच ठेवावी. ज्या रेपोत हॅशांची ती फाइल नाही तिथे ब्लेम चालतच नाही, फाइल उघडता आली नाही असं सांगून थांबतं. आमच्याकडे ती सगळ्यांच्या सामायिक कॉन्फिगमध्ये आहे आणि हॅशांची फाइल रेपोच्या मुळाशी, तिच्या शेजारीच.